खोल्यांआधी गोठा: परळ ते कर्जत, चार हिवाळे

मुंबईतली ओळखीची माणसं हल्ली मला हमखास विचारतात, "गावाकडे थोडी जमीन आहे, पर्यटकांसाठी दोन-तीन कॉटेज बांधू का?" मी त्यांना उलट विचारते, रात्री दोन वाजता शेळी व्यायला लागली तर तुम्ही कुठे असाल?

आमची सासरची जमीन कर्जतजवळ आहे. पर्यटक पाहुण्यांसाठी चार खोल्या, अकरा शेळ्या, दोन म्हशी आणि गावठी कोंबड्या एवढा पसारा. घर परळलाच आहे, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझा मुक्काम बहुतेक तिकडे असतो. दादरहून कर्जत लोकलने दोन तास लागतात. पाहुणेही त्याच गाडीने येतात. हिवाळा हा आमच्या कमाईचा मोसम, आणि शेळ्यांचा विण्याचा मोसमही हाच. शेळी साधारण 150 दिवस गाभण असते. पावसाळ्याच्या तोंडाला फळलेल्या शेळ्या नोव्हेंबर-डिसेंबरात वितात, म्हणजे खोल्या भरलेल्या असतात तेव्हाच.

पहिल्या हिवाळ्यातली माझी चूक सांगते, कारण मुंबईहून आलेला प्रत्येक जण तीच करील. पहाटे पारा बारा-तेरा अंशांवर उतरायला लागला तसं मला करडांचं वाईट वाटलं. मी गोठ्याला चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला. आठवड्याभरात आत मुताचा उग्र दर्प कोंडला, पेंढा दमट झाला आणि करडं खोकायला लागली. दोन न्यूमोनियाने गेली. पशुवैद्यक म्हणाले, थंडीपेक्षा ओल आणि कोंडलेली हवा वाईट. आता करडांच्या उंचीएवढंच गोणपाट लावतो, वरचा भाग उघडा ठेवतो, आणि खालचा पेंढा रोज बदलतो. त्यानंतर गोठ्यात खोकला फारसा ऐकू आलेला नाही.

करडू जन्मलं की तोंड-नाक पुसायचं, गोणपाटाने अंग चोळून कोरडं करायचं, नाळेला आयोडीन लावायचं आणि तासाभरात चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं घट्ट दूध, पाजायचा. हा चीक चुकवू नका. आईच्या पोटात करडाला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती चिकातूनच मिळते आणि पहिल्या काही तासांतच अंगी लागते. करडू अशक्त असेल तर चीक पिळून बाटलीने पाजा. आईला कोमट गुळाचं पाणी द्या. हे सगळं मला शेजारच्या ठाकरवाडीतल्या काकूंनी शिकवलं. पशुवैद्यकीय महाविद्यालय परळलाच आहे, 1886 पासूनचं. लहानपणी रोज त्याच्या फाटकावरून शाळेत जायचे, पण शेळीला हात पहिल्यांदा लावला तो कर्जतला.

आता पाहुण्यांविषयी. लहान मुलांना जनावरांना भरवायचं असतं, आणि ते मला मनापासून आवडतं. पण दुसऱ्या वर्षी एका कुटुंबाने रात्रीचा उरलेला भात आणि पाव शेळीसमोर ओतला. भात पोटात आंबतो, आम्ल वाढतं आणि रवंथ थांबतं. खायचा सोडा पाजला, डॉक्टर आले, तरी ती वाचली नाही. गाभण होती. त्या लोकांवर मी रागावले नाही. त्यांना आधी सांगणं माझं काम होतं. तेव्हापासून संध्याकाळी पाच वाजता शेवरी आणि सुबाभळीच्या डहाळ्यांची टोपली मुलांच्या हातात देते आणि स्वतः शेजारी उभी राहते. इतर वेळी गोठ्याला कडी.

अंड्यांचा शब्द कुणाला देऊ नका. कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी साधारण 14 तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस 11 तासांचा. त्यात पिसं गळलेली असतात. बल्ब लावून अंडी वाढवता येतात, मी लावत नाही. पाहुण्यांना खरं कारण सांगितलं की ते ऐकतात. पोपटीचंही, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचंही, तसंच. भात कापून झाल्यावर पेरलेल्या वालाच्या शेंगा भरायला जानेवारी उजाडतो. तेव्हा मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा वासाचा रानपाला, वर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, पाण्याचा थेंब नाही, तोंडालाही भांबुर्डाच कोंबायचा, आणि मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. डिसेंबरात ती मागितली तर मी सरळ नाही म्हणते.

अंघोळीला बंबच बरा. सोलरचं पाणी थंडीच्या सकाळी चार खोल्यांना पुरत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात: राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते, किमान 1 एकर शेती लागते. लाळ्या-खुरकूत आणि पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) यांच्या लसी पाहुण्यांचा मोसम सुरू होण्याआधीच टोचून घ्या आणि पेंढा ऑक्टोबर-नोव्हेंबरातच भरून ठेवा. बुरशी धरलेला पेंढा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

यंदा आमच्या दोन शेळ्या उशिरा, ऑगस्टच्या मध्यावर फळल्या आहेत. म्हणजे जानेवारीच्या मध्यावर वितील. ज्यांना कॉटेज बांधायची आहेत त्यांनी त्या आठवड्यात मधल्या वारी या, शनिवार-रविवार नको. झोपायची सोय गोठ्याशेजारच्या पडवीत होईल. घोंगडी मी देईन, बॅटरी आणि जुने कपडे तुम्ही आणा.