जपानमध्ये मॉर्मन मिशनरी म्हणून जाताय? मग ही तयारी करा

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स म्हणजेच मॉर्मन चर्चमध्ये कुठल्या देशात जायचं हे मिशनरी स्वतः ठरवत नाही. आधी बिशप (स्थानिक मंडळीचा प्रमुख) आणि स्टेक प्रेसिडेंट (अशा अनेक मंडळ्यांचा प्रमुख) मुलाखती घेतात, डॉक्टर आणि दंतवैद्याचे कागद गोळा होतात आणि मग ऑनलाइन अर्ज अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला जातो. चर्चच्या वरिष्ठ नेतृत्वातल्या बारा प्रेषितांपैकी एक जण नेमणूक ठरवतो आणि पत्र येतं. मुदत मुलांसाठी २४ महिने, मुलींसाठी १८. पगार नसतो. उलट अमेरिकेसारख्या देशातून जाणाऱ्याच्या घरच्यांनी २०२० पासून दरमहा ५०० डॉलर सामाईक निधीत भरायचे असतात, मग नेमणूक टोकियोला असो की पेरूला. घरची ऐपत नसेल तर जमेल तेवढं भरतात, उरलेलं चर्च बघतं.

इथे जपानचंच उदाहरण घेतलं आहे. तपशील देशागणिक बदलतात आणि या कामात अडचण येते ती तपशिलातच. प्रवचन कसं करायचं ते प्रशिक्षणात शिकवतात. सायकलची नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे सहसा कोणी विचारत नाही.

नवीन भाषेसाठी प्रशिक्षण केंद्रात साधारण सहा ते नऊ आठवडे मिळतात, जपानीला त्यातले जास्तीत जास्त. एवढ्यात प्रार्थना, ओळख आणि धड्यांचा गाभा बोलता येतो, पण समोरचा काय म्हणतो ते कळत नाही. हे सगळ्यांचंच होतं. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही लिप्या मात्र घर सोडण्याआधीच पक्क्या कराव्यात, दोन-तीन आठवड्यांचं काम आहे. ज्याला त्या येतात त्याचे केंद्रातले आठवडे बोलण्यावर खर्च होतात, ज्याला येत नाहीत त्याचे अक्षरं गिरवण्यात जातात.

दिवस साडेसहाला सुरू होतो आणि साडेदहाला दिवे बंद. सकाळी व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग स्वतःचा अभ्यास, जोडीदाराबरोबरचा अभ्यास (मिशनरी दोघा-दोघांच्या जोडीनेच राहतात आणि काम करतात) आणि नवख्याला रोज भाषेचा वेगळा वेळ. रात्री नऊच्या सुमारास परत येऊन उद्याचं ठरवायचं. २०१७ पासून मधल्या तासांची मांडणी बरीच सैल झाली आहे आणि जपानमध्ये त्या सवलतीचा फायदा घ्यायलाच हवा. दुपारी घरात भेटतात ती बहुतेक म्हातारी माणसं, नोकरदार मंडळी संध्याकाळी सहा-सातनंतरच परततात. म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ हा वेळ राखून ठेवावा, मुख्य जेवण दुपारी उरकावं आणि अभ्यासाचा काही भागही दुपारीच करावा. नवखे सकाळी अकरा ते एक दारं वाजवून दमतात आणि ऐन कामाच्या वेळी त्यांच्या अंगात त्राण उरत नाही.

दारं वाजवून फार थोडं साधतं, हे आधीच मान्य केलेलं बरं. नव्या इमारतींचा मुख्य दरवाजा कुलूपबंद असतो, संवाद इंटरकॉमवर होतो आणि आतल्या माणसाला कॅमेऱ्यात तुम्ही दिसता. त्यामुळे बटण दाबून एक पाऊल मागे सरकावं, दोघंही चौकटीत दिसायला हवेत. पहिल्याच वाक्यात चर्चचं पूर्ण नाव सांगावं. नवनव्या धर्मपंथांबद्दल जपानी माणूस फार सावध असतो, त्याला कारणंही आहेत. १९९५ मध्ये ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, तेव्हा आरोपीचा राग युनिफिकेशन चर्च या दुसऱ्या एका पंथावर असल्याचं पुढे आलं. आपण कोण हे लपवून गप्पा सुरू करणाऱ्यावर अशा वातावरणात कोणी विश्वास ठेवत नाही. आठवड्यातून एकदा चर्चमध्ये इंग्रजी संभाषणाचा मोफत वर्ग असतो. ओळखी होतात त्या बहुधा तिथे किंवा जुन्या सभासदांमार्फत. त्या वर्गाच्या पत्रकावरही चर्चचं नाव ठळक असावं.

आता जोडीदार. खरी परीक्षा इथे आहे. चोवीस तास दोघांनी एकमेकांना दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरात राहायचं, अपवाद न्हाणीघर आणि मिशन अध्यक्षांच्या (त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांच्या) मुलाखतीसारख्या मोजक्या वेळा. जोडीदार निवडता येत नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, त्यात एक जण जातो किंवा तीच जोडी पुढे चालू राहते. पहिले बारा आठवडे बहुधा प्रशिक्षक जोडीदार मिळतो, त्याचा स्वतःचा अनुभवही दोन वर्षांहून कमीच असतो, तेव्हा त्याच्याकडून बापाच्या शहाणपणाची अपेक्षा ठेवू नये. भांडणं सिद्धांतावरून होत नाहीत. ती होतात भांडी कोणी घासायची, सकाळी न्हाणीघर कोण अडवून ठेवतं, सायकल कोण जोरात हाकतं यावरून. आठवड्याच्या नियोजनात दोघांनी एकमेकांविषयी मोकळं बोलण्याची पद्धत ठेवली आहे. पुष्कळ जोड्या ती ‘सगळं ठीक आहे’ म्हणून दोन मिनिटांत उरकतात आणि चौथ्या आठवड्यात अबोला धरतात. त्यापेक्षा पहिल्याच सोमवारी घरकामाची वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. बिघाड मोठा असेल, जोडीदार नियम मोडून बाहेर जात असेल किंवा मारहाणीपर्यंत गोष्ट गेली असेल, तर तडक मिशन अध्यक्षांना फोन करावा. ती चुगली नव्हे.

सायकलकडे वळू. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या बर्फाळ हिवाळ्यात ती ठेवून पायीच फिरावं लागतं, एरवी बऱ्याच गावांत तीच मुख्य वाहन. जपानमध्ये प्रत्येक सायकलची चोरीविरोधी नोंदणी असते आणि रात्री पोलीस थांबवून क्रमांक तपासतात. मिशनरी सायकली हातोहात पुढच्याला देतात, नोंदणी मात्र दोन वर्षांपूर्वी घरी गेलेल्या कोणाच्या तरी नावावर तशीच राहते. मग चौकीवर तासभर मोडक्या जपानीत खुलासा करत बसा! सायकल घेतानाच आधीच्या मालकाच्या सहीचं हस्तांतरपत्र आणि नोंदणीची प्रत मागून घ्या, ती घेऊन सायकलच्या दुकानात नवी नोंदणी होते. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, अंधारात दिवा लागलाच पाहिजे, हातात छत्री धरून चालवायचं नाही; म्हणून पावसाळी सूट घ्यावा, तोही वर-खाली वेगळा असलेला. चालवताना फोन हातात धरल्यास नोव्हेंबर २०२४ पासून कैदेपर्यंत शिक्षा होऊ शकते, त्यामुळे नकाशा थांबूनच पाहायचा. स्टेशनसमोर कुठेही लावलेली सायकल पालिका उचलून नेते आणि सोडवायला काही हजार येन मोजावे लागतात.

बदलीची बातमी आणि प्रत्यक्ष प्रवास यांत दोन-चार दिवसच असतात. शहर बदलणार असेल तर त्यातच जुन्या पालिकेत निघण्याची नोंद करावी लागते आणि नव्या ठिकाणी पोचल्यापासून १४ दिवसांत तिथल्या पालिकेत पत्ता नोंदवून निवासी कार्डाच्या मागे तो छापून घ्यायचा असतो. शनिवार-रविवारी ही कार्यालयं सहसा बंद. कार्ड नेहमी खिशात हवं, सोबत नसणं हा गुन्हा आहे. मिशनच्या कचेरीतून वेगळी सूचना नसेल तर हे काम पहिल्या आठवड्यातच संपवा, कारण पुढच्या बदलीला जुनाच पत्ता निघाला की दोन्ही पालिकांत चकरा होतात.

खोली मिळते ती आधीच्या आठ-दहा मिशनऱ्यांच्या उरल्यासुरल्या सामानासकट. मोडकी खुर्ची, जुनी गादी असलं मोठं सामान रोजच्या कचऱ्यात चालत नाही, पालिकेकडे वेळ ठरवून आणि शुल्काचं तिकीट चिकटवून ते बाहेर ठेवावं लागतं. रोजचा कचराही जळणारा, प्लास्टिक, डबे, बाटल्या असा वेगवेगळ्या वारी जातो. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी लाल चिठ्ठी लावून तिथेच सोडतात आणि शेजारच्या आजी ती कोणाची हे बरोबर ओळखतात.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. चर्चच्या नियमात चहा, कॉफी, दारू, तंबाखू नाही. हिरवा चहाही चहाच धरला जातो, हे २०१९ मध्ये चर्चच्या मासिकाने स्पष्ट केलं. बसल्याबरोबर पाहुण्यापुढे हिरवा चहा येतो, तेव्हा मुगिचा म्हणजे बार्लीचं पेय चालेल असं आधीच हसून सांगून टाकावं. मराठी घरातून शाकाहारी म्हणून जाणाऱ्याने दाशीकडे लक्ष द्यावं. मिसो सूप, नूडल्सचं पाणी, शिजवलेल्या भाज्या अशा बहुतेक सगळ्यांत माशाचा हा अर्क असतो आणि पदार्थात मासा दिसत नाही म्हणून यजमान ‘मासे नाहीत’ असंच सांगतात. मिशनकडून दरमहा येणाऱ्या भत्त्यात जेवण आणि प्रवास भागवायचा असतो. पहिल्या पंधरा दिवसांत तो सोयीच्या दुकानांतल्या तयार डब्यांवर उडतो. तांदूळ, अंडी, टोफू, कोबी आणि मोड आलेले मूग घेऊन घरी शिजवलं तर महिना पार पडतो.

सुट्टीचा दिवस बहुधा सोमवार, तोही संध्याकाळी सहापर्यंतच. त्यात धुणं, बाजार, ई-मेल आणि घरी फोन. २०१९ पर्यंत घरच्यांचा आवाज फक्त नाताळ आणि मदर्स डेला ऐकता यायचा, आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. झोप उडाली, भूक मेली, रडू आवरेनासं झालं तर ‘श्रद्धा कमी पडते’ म्हणून दाबून ठेवू नये. मिशन अध्यक्षांच्या पत्नी बहुधा तब्येतीचं बघतात, त्यांना लवकर सांगितलं तर समुपदेशक मिळतो. ताणून धरलं तर मुदतीआधी परत जाण्याची वेळ येते.

शेवटच्या आठवड्यात पालिकेत परदेशी जात असल्याची नोंद करा, सायकलचं हस्तांतरपत्र सही करून पुढच्याच्या हाती द्या आणि विमानतळावर निवासी कार्ड अधिकाऱ्याकडे जमा करा. मिशनरीच्या नावाचा बिल्ला विमानातही छातीवरच राहतो. घरी पोचल्यावर स्टेक प्रेसिडेंट औपचारिकपणे मुक्त करतात, तोपर्यंत सगळे नियम लागू असतात.