बोजोले कशी प्यायची आणि सोबत काय खायचं

रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवायची नसते असं कोणी सांगितलं असेल तर बोजोलेपुरतं ते सरळ विसरा. ही फ्रान्समधल्या लियों शहराच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधली वाईन, गामे नावाच्या काळ्या द्राक्षाची. अख्खे घड न चिरडता बंद टाकीत भरतात, आत कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि आंबायची सुरुवात दाण्याच्या आतच होते, त्यामुळे सालीतला तुरटपणा फारसा उतरत नाही आणि थंड केली तरी तोंड आवळून येत नाही. साधी बाटली १२ डिग्री, भारीतली १४-१५, म्हणजे फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास पुरे. आणि ते 'रूम टेंपरेचर' वगैरे युरोपातल्या गार घरांसाठी आहे हो, नागपूरच्या मे महिन्यासाठी नाही.

घेताना लेबल नीट बघा. 'नूव्हो' म्हणजे त्याच वर्षीची ताजी वाईन, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते, गाजावाजा प्रचंड, पण ती काही महिन्यांत संपवायची, जपून ठेवण्यात अर्थ नाही. त्याच्या वर 'बोजोले व्हिलाज', रोजच्या जेवणाला माझ्या मते हीच बरी. आणि सगळ्यात वर 'क्रू', म्हणजे ठराविक नावाजलेल्या जागांची वाईन, अशा १० जागा आहेत, इथे गंमत अशी की बाटलीवर बऱ्याचदा बोजोले हा शब्द ठळक नसतोच, नुसतं मॉर्गों, फ्लरी, ब्रुयी किंवा मुलँ-आ-वाँ लिहिलेलं असतं, म्हणून ही नावं लक्षात ठेवा. फ्लरी नाजूक, फुलांच्या वासाची. मॉर्गों आणि मुलँ-आ-वाँ दमदार, चांगल्या वर्षाची असेल तर ५-१० वर्षंही टिकते. शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूकने १३९५ मध्ये गामेचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला होता, तेव्हापासून या द्राक्षाकडे नाक मुरडणारे आहेतच, पण त्यांना मॉर्गों पाजा आणि मग बोला.

आता खाणं. लियोंची माणसं हिच्यासोबत डुकराच्या मांसाचे पदार्थ खातात, रोझेत नावाचं वाळवलेलं सॉसेज पातळ कापून, किंवा ब्रिओश म्हणजे लोणी-अंडी घातलेल्या मऊ पावात भाजलेलं सॉसेज. वाईनमध्ये आंबटपणा भरपूर असतो, तो चरबी कापतो, म्हणून हे जमतं. भाजलेली कोंबडी, मश्रूम, पोर्कचं पाते (बारीक वाटलेल्या मांसाचा थापून शिजवलेला पदार्थ), शिवाय बेकन आणि अर्धवट उकडलेलं अंडं घातलेलं लियोंचं सॅलड, सगळं चालतं. चीजमध्ये सँ-मार्सलँ, गायीच्या दुधाचं, मऊ, चपटं. शाकाहारी असाल तर 'सर्व्हेल द कान्यू' शोधा, नावाचा अर्थ विणकराचा मेंदू असला तरी आत फक्त ताजं चीज, कांद्याची पात आणि हिरवी पानं असतात, पावाला लावून खायचं.

मोठा बीफ स्टेक किंवा रानडुकराचा रस्सा असेल तर साधी बोजोले त्याच्यापुढे फिकी पडते, तिथे मुलँ-आ-वाँ काढा. तिखट जेवणासोबत रेडच हवी असेल तर कमी तुरट म्हणून ही त्यातल्या त्यात बरी, पण कोल्हापुरी तांबड्या रश्शाशी कुस्ती लावू नका, वाईन हरते.

लियोंला गेलात तर 'बुशों' म्हणतात त्या छोट्या खानावळीत बसा आणि अख्ख्या बाटलीऐवजी 'पो' मागा, जाड बुडाची ४६ सेंटिलिटरची बाटली येते, दोघांना दुपारच्या जेवणाला बरोबर पुरते.