घरच्या संगणकासाठी भरवशाची आणि परवडणारी एसएसडी कशी निवडावी

सकाळी संगणकाचे बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा गाळून कप हातात घ्यावा आणि तरीही पडद्यावर गोल फिरतच असावे, असा अनुभव ज्या घरांत रोज येतो, त्यांनी नवा संगणक घेण्याआधी आतली हार्ड डिस्क बदलून एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणारी डिस्क, बसवण्याचा विचार अवश्य करावा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेरीसाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी वाट पाहावी लागते आणि ते टोक योग्य जागी सरकण्याचा वेळ त्याहून वेगळा असतो. एसएसडीत फिरणारा भागच नसल्यामुळे हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात उरकते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फायली डिस्कवर ठिकठिकाणाहून उचलल्या जातात, म्हणून जो फरक जाणवतो तो मुख्यतः या प्रतीक्षेतला असतो. तो फरक सर्वांत हळू एसएसडीनेही मिळतो, आणि म्हणूनच घरगुती खरेदीत आपला पैसा वेगाच्या मोठ्या आकड्यांवर न घालवता टिकाऊपणा, योग्य क्षमता आणि पक्के बिल यांवर खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

बाजारात जाण्याआधी आपल्या संगणकात काय बसते हे पाहून घ्यावे. जुन्या डेस्कटॉपमध्ये आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) एसएसडी बसते. तिची जाडी सहसा ७ मिलिमीटर असते. नव्या मदरबोर्डांवर (संगणकातील मुख्य सर्किट-पाटी) एम.२ नावाची आडवी खाच असते आणि तिच्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी बसते. त्या पट्टीवर २२८० असा आकडा असतो, म्हणजे रुंदी २२ आणि लांबी ८० मिलिमीटर. सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण एम.२ हे केवळ आकाराचे नाव आहे. त्याच आकारात साटा पद्धतीचीही एसएसडी मिळते आणि एनव्हीएमई या अधिक वेगवान पद्धतीचीही, आणि काही खाचा दोहोंपैकी एकच प्रकार स्वीकारतात. मदरबोर्डचे मॉडेल विंडोजमधील ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये दिसते, त्यावरून निर्मात्याची पुस्तिका शोधून खात्री करून घ्यावी, आणि शक्य असल्यास कॅबिनेटचे झाकण उघडून खाचेचा आणि मोकळ्या साटा पोर्टचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. २०१४ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांना एनव्हीएमई एसएसडीवरून विंडोज सुरू करता येत नाही. तिथे साटा हाच सरळ मार्ग आहे.

वेगाबद्दल थोडक्यात सांगायचे तर साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबीपर्यंत पोहोचते, पीसीआयई (मदरबोर्डवरील वेगवान जोडमार्ग) ३.० वरील एनव्हीएमई सुमारे ३,५०० पर्यंत आणि ४.० वरील सुमारे ७,००० पर्यंत. ईमेल, ब्राउझर, हिशेबाच्या शीट आणि मुलांचा अभ्यास एवढ्याच कामांत या तिघींमधला फरक डोळ्यांना क्वचितच दिसतो. दोन्ही प्रकार बसत असतील आणि किंमत जवळपास सारखी असेल, तर एनव्हीएमई घ्यावी. पीसीआयई ५.० च्या एसएसडी मात्र घरासाठी टाळाव्यात. त्या महाग असतात, बऱ्याच तापतात आणि एप्रिल-मे महिन्यांत वातानुकूलन नसलेल्या मुंबईच्या खोलीत त्यांना थंड ठेवणे हा वेगळाच उद्योग होऊन बसतो.

आता ज्या चुकीमुळे मी हा विषय इतक्या आस्थेने लिहीत आहे, ती सांगतो. काही वर्षांपूर्वी गिरगावात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या संगणकासाठी मी एका अनोळखी नावाची, बरीच स्वस्त एसएसडी घेतली. दुकानदाराने वहीच्या पानावर रक्कम लिहून दिली आणि मीही पक्के बिल मागितले नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी पडद्यावर संगणक सुरू करण्यासाठी डिस्कच सापडत नसल्याचा संदेश आला. त्यात चाळीच्या गणेशोत्सव मंडळाचे वर्गणीचे हिशेब होते आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. हार्ड डिस्क बिघडण्याआधी पुष्कळदा टकटक आवाज करते, हळू होते, सावध करते. एसएसडी मात्र आदल्या रात्रीपर्यंत व्यवस्थित चालून दुसऱ्या दिवशी पूर्ण गप्प होऊ शकते, आणि तिच्यातली माहिती परत मिळवणे बहुधा जास्त अवघड आणि खर्चिक असते. मावशीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण पावतीपुस्तके समोर घेऊन तिने आठ दिवस त्या नोंदी पुन्हा भरल्या, हे मी विसरलेलो नाही.

एसएसडीतली माहिती फ्लॅश मेमरीच्या सूक्ष्म घरांत विद्युतभाराच्या रूपाने साठते. एका घरात तीन बिट ठेवले तर भाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. या प्रकाराला टीएलसी म्हणतात. चार बिट ठेवले तर सोळा पातळ्या होतात; तो क्यूएलसी. पातळ्या जितक्या दाट, तितके लिहिणे मंद आणि घरांचे आयुष्य कमी. हा फरक लपवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक एसएसडी आपल्या काही घरांत तात्पुरता एकच बिट लिहून वेग दाखवते, आणि ती राखीव जागा भरली की खरा वेग समोर येतो. एका क्यूएलसी एसएसडीवर मी घरातल्या लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो एकदम चढवत होतो. सुरुवातीला सेकंदाला ४०० एमबीच्या वर असलेला आकडा थोड्या वेळाने ६० च्या आसपास उतरला आणि तिथेच राहिला. म्हणजे त्या घटकेला ती हार्ड डिस्कपेक्षाही हळू होती.

वेष्टनावरचा वेग पाहून हा भेद कळत नाही. सॅमसंगच्या ८७० इव्हो आणि ८७० क्यूव्हीओ या दोन साटा एसएसडींचा जाहीर वेग सारखाच आहे. परंतु १ टीबीच्या इव्होवर ५ वर्षांची किंवा ६०० टीबीडब्ल्यूची (एकूण लेखनाची मर्यादा) वॉरंटी आहे, तर तेवढ्याच क्षमतेच्या क्यूव्हीओवर ३ वर्षांची किंवा ३६० टीबीडब्ल्यूची. पहिलीत टीएलसी आहे आणि दुसरीत क्यूएलसी. शिवाय ही कंपनी त्यांचा उल्लेख ‘३ बिट एमएलसी’ आणि ‘४ बिट एमएलसी’ असा करते, त्यामुळे एमएलसी (एरवी याचा अर्थ एका घरात दोनच बिट) हा शब्द पाहून हुरळून न जाता त्यामागचा बिटांचा आकडा वाचावा.

टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी कंपनी देते ती मर्यादा. वर्षे आणि ही मर्यादा यांपैकी जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. घरगुती वापरात रोज २० जीबी लिहिले जातात असे धरले, तरी वर्षाला सुमारे ७.३ टीबी होतात, म्हणजे ३०० टीबीडब्ल्यूची मर्यादा गाठायला चाळीस वर्षे लागतील. तेव्हा घरातली एसएसडी लिहून लिहून झिजण्याची भीती बाळगू नये. ती बिघडलीच तर बहुधा कंट्रोलर (एसएसडी चालवणारी चिप), फर्मवेअर (त्या चिपमधली आज्ञावली) किंवा वीजपुरवठ्याच्या दोषाने बिघडते. तरीही हा आकडा मी आवर्जून पाहतो, कारण स्वतःच्या मालावर निर्मात्याचा किती विश्वास आहे हे त्यातून कळते. ५ वर्षांची वॉरंटी आणि १ टीबीला ६०० च्या आसपास टीबीडब्ल्यू असलेली टीएलसी एसएसडी थोडी महाग पडली तरी घ्यावी.

स्वस्त एसएसडींमध्ये डीरॅमची, म्हणजे कोणती माहिती कुठे आहे याची नोंद ठेवणाऱ्या वेगवान मेमरीची, वेगळी चिप नसते. एनव्हीएमई प्रकारात अशी एसएसडी संगणकाच्या रॅमचा छोटा भाग उसना घेऊन काम चालवू शकते, त्यामुळे घरासाठी ती तडजोड मला मान्य आहे. साटा एसएसडीला ती सोय नसते. तिथे परवडत असेल तर डीरॅम असलेलीच निवडावी.

क्षमतेत ५०० जीबी हा मध्यम मार्ग आहे. विंडोजमध्ये ती ४६५ जीबी दिसते, कारण कंपनी दशमान पद्धतीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीत. यात फसवणूक नाही. एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, म्हणून पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवावी, आणि हे लक्षात घेता २५६ जीबी लवकरच अपुरी पडते. दुकानात किमतीला जीबीने भागून पाहावे. ५०० जीबी किंवा १ टीबीचा प्रत्येक जीबी पुष्कळदा स्वस्त पडतो.

नावाच्या बाबतीत, फ्लॅश चिप स्वतः बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि आणखी एखाददुसरी. बाकीचे त्यांच्याकडून चिपा घेऊन एसएसडी जुळवतात. त्यांतही चांगल्या कंपन्या आहेत, पण मॉडेलचे नाव तेच ठेवून आतली चिप बदलण्याचे प्रकार नामांकित कंपन्यांकडूनही झालेले आहेत. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबू नये. अलीकडचे परीक्षण आणि कंपनीच्या संकेतस्थळावरील सध्याचे माहितीपत्रक पाहावे.

मुंबईत प्रत्यक्ष पाहून घ्यायची असेल तर ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा जुना बाजार आहे. तिथे रविवार सोडून जावे, तीन-चार दुकानांत त्याच मॉडेलचा भाव विचारावा आणि दर जीएसटीसह आहे का हे आधीच स्पष्ट करून घ्यावे, कारण बिलाविना थोडे कमी सांगितले जाते. तो मोह आवरावा. आयात मालाच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ती पट्टी नसेल तर माल चोरवाटेने आलेला असू शकतो आणि भारतात वॉरंटी नाकारली जाऊ शकते. बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची हे विचारावे. पुढे वाद झालाच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण त्यासाठीही बिल हाताशी हवे.

घरी आल्यावर त्याच दिवशी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवावे. नव्या एसएसडीत वापराचे तास आणि लिहिलेली एकूण माहिती जवळजवळ शून्य दिसायला हवी. शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे, लगेच परत करावी.

बसवताना प्लग काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवावा आणि एम.२ पट्टी तिरकी खाचेत सारून अलगद खाली दाबत छोट्या स्क्रूने बसवावी. हा स्क्रू बऱ्याचदा एसएसडीसोबत येत नाही, मदरबोर्डच्या डब्यात असतो. तो आधीच शोधून ठेवावा. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करणार असाल तर आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू आहे का हे तपासून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी.

जुनी हार्ड डिस्क चालू स्थितीत असेल तर महिनाभर तशीच ठेवावी आणि सर्व काही सुरळीत आहे असे दिसल्यावर यूएसबी केसिंगमध्ये घालून घरातल्या फोटोंची व कागदपत्रांची दुसरी प्रत तिच्यावर घ्यावी. कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी मी हार्ड डिस्कलाच पसंती देतो, कारण घरगुती एसएसडीसाठीच्या जेडेक (चिप उद्योगाची मानके ठरवणारी संस्था) मानकानुसार लेखनमर्यादा पूर्ण वापरून झालेल्या एसएसडीने विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवणे अपेक्षित आहे, आणि मुंबईतल्या बंद कपाटात उन्हाळ्यात तापमान त्याहून वर जाते.