मेडिकल प्रवेशाची मुलाखत घेताय? या चुका टाळा

२०२४ च्या नीटमध्ये सुरुवातीला ६७ जणांना ७२० पैकी ७२० पडले. पुढे पेपरफुटीचे धागे लातूरपर्यंत आले आणि एक जुनी सूचना पुन्हा ऐकू येऊ लागली: नुसत्या गुणांवर डॉक्टर निवडू नका, मुलांना समोर बसवा, बोला, मग ठरवा.

सध्या आपल्याकडे एमबीबीएससाठी मुलाखत जवळपास कुठेच होत नाही. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज, हा ठळक अपवाद. तिथं नीटनंतर निवडक मुलांना बोलावून इंग्रजी आणि तर्कबुद्धीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची (सीएमसी) स्वतःची निवड पद्धत नावाजलेली होती. ती सोडून फक्त नीटवर प्रवेश द्यायला कॉलेज तयार नव्हतं, म्हणून २०१७ मध्ये त्यानं एमबीबीएसच्या १०० जागांपैकी एकच भरली, पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं नीट सर्वांना बंधनकारक ठरवली. तरीही मुलाखती घेणारे मराठी लोक कमी नाहीत. कुणी मेडिकलच्या मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या ट्रस्टवर आहे, कुणी इंग्लंडमधल्या मेडिकल स्कूलच्या पॅनेलवर. पुढचं सगळं टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांसाठी आहे.

मुलाखत हे मोजमाप आहे आणि मोजमापाची सगळी शिस्त तिला लागते. बहुतेक चुकांचं मूळ एकच: ‘इतकी वर्षं पेशंट बघतोय, मला माणूस लगेच कळतो.’

चूक: स्वतःच्या नजरेवर भरवसा

१९७९ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळानं ह्यूस्टनच्या सरकारी मेडिकल स्कूलला ऐन वेळी ५० जागा वाढवायला सांगितलं. तोवर सुमारे ८०० जणांच्या मुलाखती होऊन क्रमवारी लागली होती आणि वरच्या ३५० मधून १५० मुलं घेऊनही झाली होती. वरची उरलेली मुलं दुसरीकडे गेलेली. मग वाढीव ५० जागा तळाच्या शंभरातून, म्हणजे ७०० ते ८०० क्रमांकाच्या मुलांतून भरल्या. यातल्या बहुतेकांना दुसऱ्या कुठल्याच मेडिकल स्कूलनं घेतलं नव्हतं.

पुढे दोन्ही गटांची तुलना झाली आणि ती १९८७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. शिक्षण अर्धवट सोडण्याचं प्रमाण, सुरुवातीच्या वर्षांचे निकाल, वॉर्डातलं काम, पदवीनंतरचं पहिलं वर्ष, कशातच म्हणण्यासारखा फरक नव्हता. दोन गटांच्या क्रमवारीत जे अंतर पडलं होतं, त्यातला मोठा भाग गुणांमुळे पडलेला नव्हता. तो मुलाखतकारांच्या पसंती-नापसंतीतून आला होता.

असा प्रयोग मुद्दाम करायला कुठलंही कॉलेज धजणार नाही. नाकारलेली मुलं एरवी आपल्याला पुन्हा दिसतच नाहीत, म्हणून आपण बरोबरच निवडलं असं वाटत राहतं. घेतलेली मुलं डॉक्टर होतात आणि आपण म्हणतो, बघा, नजर चुकली नाही! न घेतलेलीही झाली असती.

उपाय म्हणून निदान दोन गोष्टी करा. नीटचे किंवा बारावीचे गुण मुलाखतकाराला आधी दाखवू नका, नाहीतर तो त्या गुणांनाच नव्या शब्दांत दुजोरा देऊन मोकळा होतो. आणि सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारा. गप्पांच्या ओघात जे सुचेल ते विचारणाऱ्या मुलाखतीत बोलणाऱ्याला मजा येते, पण दोन मुलांची तुलना करायला हाती काही राहत नाही.

चूक: ‘तुला डॉक्टर का व्हायचंय?’

या प्रश्नाचं उत्तर क्लासमध्ये शिकवतात. आजी आजारी होती, गावात डॉक्टर नव्हता, गोरगरिबांची सेवा करायची आहे. खोटंच असतं असं नाही, पण खरं आणि पाठ केलेलं यातला फरक आठ-दहा मिनिटांत ओळखता येत नाही. ‘तुझे गुण आणि दोष सांग’ हा त्याचाच भाऊ. त्यावर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर ठरलेलं.

त्यापेक्षा प्रसंग द्या. उदाहरणार्थ: ‘शेजारच्या काकूंनी त्यांचा रक्ताचा रिपोर्ट तुला आणून दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. रिपोर्टवर काही आकडे ठळक छापलेत. काकू विचारतायत, काही वाईट तर नाही ना? या आता आत येतील, त्यांच्याशी बोल.’ आणि खरंच कुणालातरी काकू बनवून आत पाठवा. मुलगा घाबरवतो का, ‘काही नाही हो’ म्हणून उडवून लावतो का, आपल्याला कळत नाही हे कबूल करतो का, काकूंना आधी बोलू देतो का, हे सगळं डोळ्यांसमोर घडतं. वैद्यकीय ज्ञान इथं मोजायचंच नाही. रिपोर्टमधला आजार बरोबर ओळखला म्हणून कुणी जादा गुण दिले, तर त्या परीक्षकाला पुढच्या वेळी बोलावू नका.

दुसरा मार्ग घडून गेलेल्या गोष्टीचा. ‘कुणाशी पटत नसताना त्याच्यासोबत काम पुरं करावं लागलं, असा एक प्रसंग सांग.’ मग खोदत राहायचं: तू काय म्हणालास? त्यावर तो काय म्हणाला? पाठांतर तिसऱ्या प्रश्नाला संपतं.

चूक: आडनाव, गाव, वडील

‘कुठले तुम्ही?’ हा आपल्याकडे ओळख काढण्याचा साधा प्रश्न. पॅनेलवर तो साधा राहत नाही. आडनावावरून जात, गावावरून पट्टा, वडिलांच्या धंद्यावरून घरची परिस्थिती, सगळं दोन मिनिटांत कळतं आणि पेन कळत-नकळत हलतं. मग ती मुलाखत न राहता कांदेपोह्यांचा कार्यक्रम होतो.

श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात तोंडी परीक्षेला १५० पैकी ५० गुण होते, एकेका मुलाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळत आणि त्यातही प्रश्न आईवडील नि राहण्याच्या ठिकाणाचे. हे अजय हासिया प्रकरण १९८० मध्ये सुप्रीम कोर्टात आलं. प्रवेशासाठी तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं कोर्टानं मनमानी ठरवलं आणि मुलाखती टेपवर ध्वनिमुद्रित कराव्यात असंही सुचवलं. तेव्हा त्यासाठी टेपरेकॉर्डर आणावा लागला असता. आज खिशातला फोन पुरतो, तरी ध्वनिमुद्रण म्हटलं की पॅनेलची चुळबुळ सुरू होते. का, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

संगणकावर सोपवलं की पक्षपात जातो, हीही समजूत सोडा. लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलनं मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवायला १९७९ पासून एक प्रोग्रॅम तयार केला. माणसांनी केलेल्या छाननीशी त्याचे निकाल ९० टक्क्यांहून जास्त जुळत, म्हणून सगळे खूश होते. त्या माणसांचे पूर्वग्रहही तो तंतोतंत शिकला होता. स्त्रियांचे आणि युरोपीय न वाटणारी नावं असलेल्यांचे गुण तो कापत होता. ब्रिटनच्या वांशिक समता आयोगानं १९८८ मध्ये संस्थेला दोषी धरलं. वर्षाला साठेक उमेदवारांची मुलाखतीची संधी यात गेली असावी, असा अंदाज होता.

उपाय सोपे आहेत. उमेदवाराला नावाऐवजी क्रमांक द्या. घरच्या परिस्थितीचा विचार करायचाच असेल तर तो अर्जाच्या टप्प्यावर, लेखी नियमानं करा. आणि भाषा त्याला निवडू द्या. नंदुरबारचा मुलगा इंग्रजीत अडखळतो म्हणून त्याचं ‘संवादकौशल्य’ कमी ठरवणं हास्यास्पद आहे. पेशंट त्याच्याशी मराठीत, अहिराणीत, भिलीत बोलणार आहेत. इंग्रजी तपासायचंच असेल तर त्याची वेगळी चाचणी घ्या आणि तिला इंग्रजीची चाचणीच म्हणा.

चूक: एकगठ्ठा गुण

‘छान बोलला, ४० देऊ.’ ४० कशाचे? तमिळनाडूच्या मेडिकल प्रवेशांत मुलाखतीला ७५ गुण होते. खेळ, इतर उपक्रम, शारीरिक क्षमता, सर्वसाधारण कुवत, कल असे निकष ठरलेले असूनही समितीनं गुण निकषवार न देता ठोक दिले. पेरियाकरुप्पन प्रकरणात सुप्रीम कोर्टानं १९७० मध्ये हे बेकायदा ठरवलं. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी एका रकान्याची गुणपत्रकं अजून सर्रास दिसतात.

नुसते रकाने वाढवूनही भागत नाही. पहिल्या रकान्यात चांगले गुण पडले की ते बाकीच्या रकान्यांत ओघळतात. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञानं १९२० मध्येच हे दाखवून दिलं होतं. म्हणून प्रत्येक गुणामागे वर्णन लिहा. काकूंच्या प्रसंगात १ म्हणजे ‘काकूंना बोलू दिलं नाही किंवा खोटा दिलासा दिला’. ३ म्हणजे ‘ऐकून घेतलं, पण पुढे काय करायचं ते सांगितलं नाही’. ५ म्हणजे ‘भीती कशाची आहे ते विचारलं, स्वतःची मर्यादा सांगितली, डॉक्टरांकडे जायची सोय सुचवली’. हे लिहायला एक दुपार जाते, आणि ती दुपार द्यायला कुणाचीच तयारी नसते.

चूक: ‘मुलाखतीला थोडेच गुण आहेत, काय फरक पडतो?’

ही चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. समजा, लेखी २०० पैकी आणि मुलाखत ५० पैकी, म्हणजे कागदावर मुलाखतीचा वाटा पाचवा हिस्सा. पण बोलावलेली सगळी मुलं छाटणीतून आलेली, त्यांचे लेखी गुण १७६ ते १८० मध्ये दाटलेले. मुलाखतीत मात्र कुणाला २०, कुणाला ४५. आता क्रम ठरवतंय कोण? जवळजवळ एकटी मुलाखत. वजन ठरतं ते गुणांच्या पसाऱ्यावर, कमाल गुणांवर नाही.

उलटही घडतं. परीक्षक सावध असले की सगळ्यांना ३५ ते ३८ देतात आणि दिवसभराची मेहनत निकालात कुठे दिसतच नाही. निकाल लावण्याआधी दोन्ही रकान्यांचा पसारा बघा. वजन खरोखर पाचवा हिस्साच हवं असेल तर दोन्ही गुण आधी प्रमाणित करा, म्हणजे दोन्हींचा पसारा सारखा करा, आणि मग लेखीला चार, मुलाखतीला एक असं वजन देऊन बेरीज करा.

आणखी काही तक्रारी नेहमी येतात. दोन समांतर पॅनेलांच्या सरासरीत मोठं अंतर पडलं, तर आधी उमेदवारांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती का ते पाहा. झाली असेल तर फरक परीक्षकांतला आहे, आणि पुढच्या खेपेला सगळ्यांनी एकच चित्रित मुलाखत बघून गुण द्यायचा सराव आधी करावा. एचओडी सरांनी आकडा उच्चारला की बाकीच्यांचे आकडे त्याच्याजवळ सरकत असतील, तर बोलण्याआधी गुण लिहून कागद गोळा करा. मतभेद मिटवण्याचा आग्रह धरू नका, सरासरी काढा. आणि ‘मुलगा लाजाळू आहे’ हा शेरा दिसला की थांबून विचारा, म्हणजे नेमकं काय दिसलं? संवाद, नीतिमत्ता, वागणूक शिकवायला एमबीबीएसमध्ये २०१९ पासून एटकॉम हा अभ्यासक्रम आहेच. जे आत आल्यावर शिकवणार आहोत त्यावर बाहेरच माणूस कापायचा, हे मला पटत नाही.

चूक: चार परीक्षक, एक टेबल

कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात केव्हिन इव्हा आणि सहकाऱ्यांनी एक लांब मुलाखत मोडून तिचे छोटे तुकडे केले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ११७ उमेदवार, १० खोल्या, प्रत्येक खोलीत ८ मिनिटं आणि एकच परीक्षक होता. आपल्याकडे ऑस्की, म्हणजे एकेका टेबलावर छोटं काम देऊन घेतलेली मेडिकलची प्रात्यक्षिक परीक्षा, घेणाऱ्यांना ही रचना ओळखीची वाटेल. ती ऑस्कीवरूनच घेतलेली आहे. एकच मुलगा एका प्रसंगात चमकतो, दुसऱ्यात गडबडतो. म्हणून एकाच खोलीत परीक्षक वाढवण्यापेक्षा खोल्या वाढवणं कितीतरी जास्त कामाचं, हा त्यांचा निष्कर्ष. ही पद्धत आज ब्रिटनमधल्या बहुतेक मेडिकल स्कूलांत चालते. तिच्यातही खोट आहे: कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासात बोलक्या, बहिर्मुख मुलांना तिच्यात जास्त गुण पडलेले दिसले.

‘आमच्याकडे इतकी माणसं कुठे आहेत?’ हे यावर हमखास येणारं उत्तर. हिशोब करून बघा. ४० उमेदवार, ४ परीक्षक एकाच टेबलाशी, प्रत्येकाला १० मिनिटं: ४०० मिनिटं. आता तेच चौघं चार खोल्यांत बसवा, एका वेळी चार मुलं आत, दर १० मिनिटांनी खोली बदल. ४० मिनिटांत चार मुलं होतात, दहा फेऱ्यांत चाळीस. तीच ४०० मिनिटं, तीच माणसं. फक्त प्रत्येक मुलाला आता चार स्वतंत्र मतं मिळतात, आणि पहिल्या खोलीत बोबडी वळली तरी पुढे तीन खोल्या उरतात. जादा लागतात त्या तीन खोल्या आणि वेळेवर घंटा वाजवणारा एक शिपाई.