उन्हात बाइक तापतेय? या चुका टाळा

अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर चढतो आणि गॅरेजवर एकच तक्रार सुरू होते: गाडी तापते, पिकअप पडतो. उन्हावर खापर फोडलं की सगळे मोकळे. पण जरा हिशेब करून बघा. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनचं हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) चालताना १५० अंशांवर आहे असं धरलं, तर ३० अंशांच्या दिवशी हेड आणि हवा यांच्यात १२० अंशांचा फरक राहतो, ४५ अंशांच्या दिवशी १०५ चा. उष्णता बाहेर टाकायची ताकद साधारण आठव्या हिश्शाने घटली, एवढंच. धड गाडी तेवढं सोसते. जी सोसत नाही, तिच्यात आधीपासूनच काहीतरी बिघडलेलं असतं आणि थंडीत ते खपून गेलेलं असतं.

पहिला संशय ऑइलवर घ्या. १००-१२५ सीसीच्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल असतं. पिस्टनला वंगण तेच, गिअर-क्लचला तेच, आणि बरीचशी उष्णताही तेच वाहून नेतं. त्यातलं पाव लिटर जळालं तरी गाडी चालत राहते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा आणि मग ऑइल मोजायची काडी पुसून, परत घालून बघा. बऱ्याच गाड्यांत काडी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते. आटे बसवून मोजलं तर काडी खोल जाते आणि ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. आपल्या गाडीची पद्धत मॅन्युअलमध्ये दिलेली असते, तेवढं पान तरी वाचावं. ऑइल खुणेच्या वर भरणंही वाईटच, ते घुसळलं जाऊन उलट तापतं.

घरी कारचं ऑइल उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतणारे कमी नाहीत. बहुतेक बाइकमध्ये क्लच प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे प्लेटा घसरू लागतात. मग इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही आणि ती सगळी मेहनत उष्णतेत जाते. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघूनच घ्या. ‘उन्हाळा आहे, जाड ऑइल टाकू’ असं कोणी म्हणालं तर आधी मॅन्युअलमधला ग्रेड बघा. तिथे जाड ग्रेडला परवानगी असेल तरच टाका.

जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं एक खास दुखणं म्हणजे ‘ॲव्हरेज वाढवून देतो’. बारीक जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा भोकाचा तुकडा) बसवायचा, पेट्रोल कमी सोडायचं, की झालं काम. प्रमाणापेक्षा कमी पेट्रोलवर भरधाव चालणारं इंजिन जास्त तापतं, हे मात्र कोणी सांगत नाही. प्लग खोलून बघा. टोक विटकरी-बदामी असेल तर ठीक. पांढरंफटक असेल आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येत असेल, तर ॲव्हरेजचा मोह सोडा आणि मूळ जेट परत बसवून घ्या.

शेतातून येणाऱ्या गाड्यांच्या सिलिंडरच्या फिन्समध्ये, म्हणजे बाहेरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, काळ्या मातीचा चिखल वाळून बसतो. तिथे हवा शिरायलाच जागा राहत नाही. इंजिन पूर्ण गार असताना ब्रशने साफ करा. क्रॅश गार्डवर बांधलेली पिशवी, फ्लेक्सचा तुकडा काढून टाका. सिग्नलला थांबायचं असेल तर इंजिन बंद करा, कारण उभ्या गाडीला वारा लागत नाही.

मागचा ब्रेक घट्ट आवळलेला असेल तर इंजिन दिवसभर त्याच्याशी झगडत राहतं. मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. लगेच अडत असेल तर ब्रेक सैल करून घ्या.

आणि वाटेत गाडी तापलीच तर? ढाब्यावर थांबून तापलेल्या सिलिंडरवर बाटलीभर थंड पाणी ओतणारे दर उन्हाळ्यात दिसतात. धातू एका बाजूने एकदम आकसतो. फिन तडकू शकते, हेड वाकू शकतं. सावलीत उभी करा, बंद करा, अर्धा तास चहा-पाणी करा.

लिक्विड कूलिंगच्या गाडीत पंखा सुरू होणं, पायांना गरम झोत लागणं हे नॉर्मलच आहे. तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच थांबायचं. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली असलेलं पाणी उसळून अंगावर येतं आणि चांगलंच भाजतं. आधी बाजूच्या कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. अडीनडीला साधं पाणी चालेल, पण बोअरचं जड पाणी कायम ठेवलं तर क्षार साचून नळ्या बुजतात. गावी पोचल्यावर ते काढून कंपनीचं कूलंट भरा.

गार झाल्यावर ऑइल पुन्हा मोजा. खाली गेलं असेल आणि खाली कुठे गळती दिसत नसेल, सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात किंवा व्हॉल्व्हची सील. तशी गाडी लांब पळवू नका, जवळच्या गॅरेजपर्यंत हळूहळू न्या.