अणुवीज केंद्र मोडीत काढताना दूषित धातूचे अवजड भाग कसे कापावेत

बंद झालेले अणुवीज केंद्र मोडीत काढताना कापण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे, हा प्रश्न सहसा पहिल्याच बैठकीत निघतो. त्याचे उत्तर मात्र सगळ्यांत शेवटी ठरवावे. त्याआधी दोन गोष्टी निश्चित झाल्या पाहिजेत: कापलेला तुकडा कोणत्या पेटीत जाणार आहे, आणि कापताना निघणारा धूर, धूळ व कीस कुठे अडवला जाणार आहे. प्रत्येक कापामुळे एका मोठ्या वस्तूचे दोन लहान भाग होतात, पण त्याचबरोबर पूर्वी नसलेला बारीक किरणोत्सारी कचराही तयार होतो. म्हणून कमीत कमी कापांत काम होईल असा आराखडा हाच चांगला आराखडा होय. कधी कधी तर मुळीच न कापणे श्रेयस्कर ठरते. अमेरिकेतील ओरेगन राज्यातल्या ट्रोजन केंद्राचे अणुभट्टीपात्र (गाभा सामावणारे जाड पोलादी भांडे) १९९९ मध्ये अंतर्भागांसह अखंडच बाहेर काढून तराफ्यावरून कोलंबिया नदीमार्गे हॅनफर्डच्या विल्हेवाट-स्थळी नेण्यात आले. नदी, तराफा आणि एवढी मोठी वस्तू स्वीकारणारी जागा या तिन्ही गोष्टी जुळून आल्या म्हणूनच ते शक्य झाले.

कापायचेच असेल तर धातू कोणत्या प्रकारे किरणोत्सारी झाला आहे, हे आधी तपासावे. अणुभट्टीच्या गाभ्याजवळच्या पोलादात न्यूट्रॉनच्या माऱ्यामुळे किरणोत्सार धातूच्या आतच निर्माण झालेला असतो, आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. नळ, पंप, टाक्या व वाफ-जनित्रे (अणुभट्टीच्या उष्णतेने वाफ तयार करणारी नळ्यांची पात्रे) यांच्यावर मात्र तो बहुधा आतल्या पृष्ठभागावरील गंजाच्या थरात बसलेला असतो व रसायनांनी बराचसा काढता येतो. पहिल्या प्रकारात दूरनियंत्रणाने, पाण्याखाली कापण्याची तयारी ठेवावी. दुसऱ्या प्रकारात आधी संपूर्ण यंत्रणा रसायनांनी धुऊन मगच माणसांना जवळ पाठवावे. कामाचा मुहूर्तही या तपासणीवरूनच ठरवता येतो. पोलादापासून मिळणाऱ्या मात्रेत, म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणोत्सर्गात, मोठा वाटा कोबाल्ट-६० चा असतो आणि त्याचा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ) ५.२७ वर्षांचा आहे, म्हणजे सुमारे २६ वर्षांत तो बत्तिसाव्या हिश्शावर येतो. जिथे सीझियम-१३७ प्रमुख असेल तिथे अशी वाट पाहून फारसा लाभ होत नाही, कारण त्याचा अर्धायुकाल सुमारे ३० वर्षांचा आहे.

मोजमापे घेताना मधला सरळ नळ नव्हे, तर कोपरे, झडपांची पोकळी, बंद टोके आणि सर्वांत खालचे बिंदू पाहावेत, कारण गाळ तिथेच साचतो. काप या ठिकाणांतून जाऊ देऊ नये. झडप किंवा कोपरा अखंड ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना सरळ भागात कापावे. जुना रंग शिशाचा आहे का, उष्णतारोधक आवरणात ॲस्बेस्टॉस आहे का, हेही याच टप्प्यावर तपासावे. शिशाच्या रंगावर गॅसची ज्योत धरली तर किरणोत्साराआधी शिशाचा धूरच कामगाराला गाठतो.

यानंतर यंत्राची निवड करावी. गॅस कटिंग स्वस्त व वेगवान आहे, साध्या पोलादाच्या जाड भिंती त्याने सहज कापल्या जातात. पण स्टेनलेस पोलादातील क्रोमियमचे ऑक्साइड ही प्रक्रिया अडवते, म्हणून तिथे प्लाझ्मा (विजेने अतितप्त केलेल्या वायूचा झोत) लागतो. दोन्ही पद्धतींत धातू वितळून अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि फिल्टर लवकर चोंदतात. हेपा, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या, फिल्टरच्या आधी ठिणगीरोधक जाळी व जाड कणांचा प्राथमिक फिल्टर नसेल तर फिल्टरलाच आग लागू शकते, आणि तशी आग म्हणजे इतक्या कष्टाने अडवलेले सगळे पुन्हा हवेत. पाण्याखाली प्लाझ्मा चालवल्यास बरेचसे कण पाण्यात राहतात, पण पाणी गढूळ होऊन कॅमेऱ्याला दिसेनासे होते आणि पाण्याच्या विघटनातून हायड्रोजन निघतो; त्यामुळे पृष्ठभागावरची हवा सतत खेचून घ्यावी. उच्च दाबाच्या पाण्यात गार्नेट या कठीण खनिजाची वाळू मिसळून कापण्याची पद्धत अवघड आकारांना उपयोगी पडते, मात्र ती सगळी वाळू अखेर किरणोत्सारी गाळ म्हणूनच गोळा करावी लागते.

या बाबतीत बेल्जियममधील मोल येथील बीआर-३ चा अनुभव मला सर्वांत उपयोगी वाटतो. १९८७ मध्ये बंद झालेल्या या छोट्या अणुभट्टीचे उष्णताकवच (गाभा व पात्राची भिंत यांच्यामधले पोलादी आवरण) पाण्याखाली तीन पद्धतींनी कापून पाहण्यात आले: प्लाझ्मा, विद्युत-ठिणगीने झिजवणे आणि यांत्रिक मिलिंग, म्हणजे फिरत्या दातेरी कटरने धातू खरवडणे. मिलिंगमधून निघणारा जाड कीस तळाशी बसतो व सहज उचलता येतो. बाकीच्या दोन पद्धतींत बारीक कणांनी पाण्याचे फिल्टर भरत जातात. पुढे तिथल्या अणुभट्टीपात्रासाठीही बँडसॉ (फिरत्या पट्ट्याची करवत) व मिलिंग कटर हीच यांत्रिक साधने वापरली गेली. वेळ थोडा जास्त लागला तरी चालेल, पण कचरा हाताळता येईल असा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाफ-जनित्रासारख्या, शेकडो बारीक नळ्यांनी भरलेल्या वस्तूला करवत लावली की नळ्या थरथरतात, पाते अडकते आणि आतला गाळ उडतो. जर्मनीतील गुंडरेमिंगेन-ए येथे यावर उत्तम तोड काढली गेली: जनित्रात पाणी भरून ते गोठवले आणि बर्फासकट बँडसॉने कापले. बर्फाने नळ्या घट्ट धरल्या, धूळ जागीच बांधली गेली आणि किरणोत्सर्गाला थोडा आडोसाही मिळाला. महाराष्ट्रातील वाचकांना हे उदाहरण दूरचे वाटू नये. १९६९ पासूनचे तारापूरचे पहिले दोन संच याच घराण्यातले, जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांचे आहेत, आणि त्यांतही दुय्यम वाफ-जनित्रे होती. नळ्या गळू लागल्याने ती पुढे बाजूला काढावी लागली व प्रत्येक संचाची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आली.

आता प्रत्यक्ष एक दूषित नळ कापताना काय करायचे ते पाहू. नळ रिकामा असल्याची नोंद कागदावर असली तरी सर्वांत खालच्या बिंदूला लहान छिद्र पाडून आत पाणी उरले आहे का, ते बघावे. कापाच्या दोन्ही बाजूंना चेन ब्लॉकने आधार द्यावा. वर्षानुवर्षे ताणात असलेला नळ कापताच सरकतो, पाते चिमटते किंवा टोक माणसाच्या अंगावर येते. कापाच्या जागेभोवती प्लास्टिकचा तंबू उभारून आतला दाब बाहेरपेक्षा कमी ठेवावा आणि हवा खेचणारे नळकांडे कापापासून जेमतेम वीतभर अंतरावर ठेवावे. शक्य असेल तिथे नळाला कवळून फिरणारा कटर वापरावा, कारण त्याने ठिणग्या जवळजवळ उडत नाहीत आणि कीस खालच्या तबकात पडतो. ग्राइंडर हाताशी असतो म्हणून तो वापरण्याचा मोह होतो, पण दूषित धातूवर तो शक्यतो चालवू नये. काप पूर्ण होताच दोन्ही टोकांना टोपण बसवून टेप लावावा, बाहेरचा भाग कागदी चकतीने पुसून नमुना मोजावा, तुकड्यावर क्रमांक घालावा आणि मगच तो तंबूबाहेर द्यावा.

ही सगळी क्रिया आधी स्वच्छ धातूच्या हुबेहूब प्रतिकृतीवर, तेच हातमोजे व तोच श्वसनसंरक्षक मुखवटा घालून, घड्याळ लावून करून पाहावी. कुठे स्क्रू हातातून निसटतो, कुठे पाते बदलायला वेळ लागतो, हे किरणोत्सर्गाबाहेरच कळायला हवे. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने कर्मचाऱ्यांसाठी सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. पण मर्यादेपर्यंत जाण्याची मुभा आहे असा तिचा अर्थ घेऊ नये. प्रत्येक कापासाठी स्वतंत्र अंदाज काढावा आणि प्रत्यक्ष मात्रा त्यापुढे जाऊ लागल्यास काम थांबवावे.

तुकडे वेगळे करण्याचे काम कापणीइतकेच काटेकोर हवे. साधा व दूषित धातू एकाच टेबलावर ठेवू नये. काही दूषित धातू वितळवून पुन्हा वापरता येतो. वितळवताना सीझियम मुख्यतः धुळीत व मळीत जाते, कोबाल्ट मात्र धातूतच राहते. नियंत्रणमुक्त करायच्या, म्हणजे साध्या भंगारासारख्या बाहेर सोडायच्या, धातूसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या दोन्ही समस्थानिकांकरता ०.१ बेकरेल (किरणोत्साराचे एकक) प्रति ग्रॅम ही पातळी दिली आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात पोहोचलेल्या कोबाल्ट-६० मुळे एका कामगाराचा जीव गेला. तो स्रोत अणुवीज केंद्रातला नव्हता, पण भंगाराची वाट तीच असते. म्हणून नियंत्रणमुक्त होणारा प्रत्येक तुकडा आधी क्रमांकानिशी मोजावा, भरलेली गाडी फाटकावरच्या संवेदकातून पुन्हा न्यावी, आणि दोन्ही मोजमापांची नोंद जुळल्याशिवाय तिला बाहेर सोडू नये.