राष्ट्रीय नेत्यांच्या दौऱ्याचे वार्तांकन: ठाणे, नवी मुंबईतील बातमीदारासाठी

पंतप्रधान किंवा केंद्रीय मंत्री ठाण्यात, नवी मुंबईत येतात तेव्हा त्यांचे भाषण वाचकाने बहुधा मोबाइलवर ऐकलेले असते. म्हणून स्थानिक बातमीदाराने नुसता गोषवारा न देता, व्यासपीठावरून सांगितलेले काम प्रत्यक्षात कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहावे.

पाससाठी कार्यालयाचे पत्र व ओळखपत्राची प्रत जिल्हा माहिती कार्यालयाकडे मुदतीत द्यावी. बंदोबस्ताविषयी एवढेच, की लवकर जावे आणि जेवून जावे.

खरी तयारी तारखांच्या टिपणाची. मंजुरी, भूमिपूजन, उद्घाटन आणि प्रत्यक्ष वापर यांच्या तारखा प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळ्या नोंदवाव्यात, कारण प्रेसनोटमध्ये त्या हमखास एकमेकींत मिसळतात. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी आणि उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले, पण प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती २५ डिसेंबरला. उलट बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ पासून औपचारिक समारंभाविनाच धावू लागली. ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, ऑक्टोबरमध्ये भूमिपूजन झाले आणि मुदत २०२९ सांगितली गेली. पुढच्या दौऱ्यात याच मार्गाचा उल्लेख झाला, तर ही नोंद समोर ठेवून काम कुठवर आले ते विचारावे.

भाषणाची ध्वनिफीत स्वतः ठेवावी. पत्र सूचना कार्यालयाचा (केंद्र सरकारच्या प्रसिद्धी कार्यालयाचा, म्हणजे पीआयबीचा) मजकूर आणि प्रत्यक्ष उच्चारलेले वाक्य यांत फरक आढळला, तर ध्वनिफीत प्रमाण मानावी. खर्चाचा किंवा रोजगाराचा आकडा पडताळता आला नसेल, तर तो नेत्याच्या तोंडीच ठेवावा. उपसंपादकाने मथळ्यात तो सिद्ध झाल्यासारखा वापरू नये, हेही बातमी पाठवतानाच कळवावे. पत्रकारांच्या कक्षात बसून टाळ्या वाजवू नयेत. हे लिहावे लागते, यातच सारे आले.

सभेच्या दिवशी प्रकल्पग्रस्तांना गाठणे कठीण असते, म्हणून आदल्या दिवशीच त्यांच्याकडे जावे. विमानतळबाधितांच्या बाबतीत साडेबावीस टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात तेवढ्या प्रमाणात द्यायच्या विकसित भूखंडाचा ताबा मिळाला का, रस्ता आणि पाणी आले का, असे नेमके विचारावे आणि कागद पाहावा. मग तोच प्रश्न सिडकोला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाला, लेखी पाठवून उत्तर बातमीत द्यावे. उत्तर न आल्यास तसे नमूद करून, माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार अर्ज करावा आणि उत्तराच्या ३० दिवसांच्या मुदतीची तारीख डायरीत लिहून ठेवावी.